निखाऱ्याची वहिवाट

ठाण्याहून बाळकूम मागे टाकून कशेळीच्या पुलाने खाडी ओलांडली, की जुन्या आग्रा रस्त्याच्या आजूबाजूस काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी जी गावे एकामागून एक लागतात आणि अंजूरफाट्याशी येऊन भिवंडीच्या कसब्यास मिळतात, त्यांची ओळख आज कोणी भाताच्या खाचरांवरून करून देत नाही. गोदामांची गावे म्हणूनच ती व्यापारी जगतात देशभर प्रसिद्ध आहेत. पत्र्याच्या उंच छपरांखाली तेथे कापडापासून औषधांपर्यंत काय नाही असे नाही, आणि अलीकडे त्यात एका नव्या जिनसेची भर पडली आहे. मुंबई-पुण्याच्या ज्या सुखवस्तू गृहस्थास गच्चीवर किंवा मुरबाड-कर्जतकडील शेतघराच्या अंगणात कोंबडी-मासळी भाजण्यासाठी झाकणाचे ग्रिल, अथवा मंद धुरावर मांस शिजविणारा स्मोकर हवा असतो, तो घरबसल्या मागणी नोंदवितो आणि ते जड खोके बहुधा याच पट्ट्यातील एखाद्या वखारीतून टेम्पोत चढते. मागणी नोंदविण्यापूर्वी कोळशाचे घ्यावे की गॅसचे, गोल घ्यावे की लांबट, जाळी बिडाची असावी की पोलादाची, याचा खल तो आठवडेच्या आठवडे करीत बसतो. या खलास माझी हरकत नाही, कारण विस्तवाशी व्यवहार करणाऱ्याने विचारपूर्वक वागावे हे योग्यच आहे. मात्र या भूमीत उघड्या विस्तवावर भाजून खाण्याचा जो दीर्घ इतिहास आहे, त्यात उपकरणाचा प्रश्न सर्वांत शेवटी येत असे. आधी जळण कोणाचे, मग जागा कोणाची, आणि ही दोन्ही सुटल्यावर भांडे कोणते, असा तो क्रम होता.

निखाऱ्यावर मांस भाजणे हे आपल्याकडे परदेशातून आले, असा जो समज शहरी मंडळींत आढळतो तो निराधार आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात राजाच्या अन्नभोगाचे जे प्रकरण आहे, त्यात सळईला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे प्रकार सविस्तर सांगितले आहेत. ही कल्याणी म्हणजे भिवंडीशेजारचे कल्याण नव्हे, बिदरकडील बसवकल्याण. परंतु ग्रंथ दख्खनचाच आहे, आणि त्यात शेतांतून वाढलेल्या उंदरांचेही पदार्थ दिलेले आहेत, ही गोष्ट पुढे नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ठाणे-रायगडच्या डोंगरांतील कातकरी शेताच्या बांधातून उंदीर खणून भाजतो म्हणून त्यास हीन लेखणाऱ्या ‘सुसंस्कृत’ लेखकांना, हेच खाद्य एकेकाळी चक्रवर्ती म्हणवणाऱ्या राजाच्या पंक्तीत होते याची कल्पना नसावी.

राजाच्या पाकशाळेतून खाचरात उतरावे, तर येथे पोपटी भेटते. तिचे खरे माहेर रायगड जिल्हा, म्हणजे अलिबाग, पेण, पनवेल, रोहा हा मुलूख. पण भिवंडीच्या खाडीकाठच्या आगरी वस्तीलाही ती अनोळखी नाही. भाताची कापणी झाली, की खाचराच्या पोटात जी ओल शिल्लक राहते तिच्यावरच, वेगळे पाणी न देता, वाल पेरतात. पौष-माघात त्याच्या शेंगा भरतात आणि थंडीही त्याच सुमारास पडते. त्या शेंगा मीठ-ओवा लावून मडक्यात भरावयाच्या, त्यांच्या थरांमध्ये बटाटे, रताळी, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानांत गुंडाळलेली कोंबडी ठेवावयाची, तळाशी व तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवावयाचा, आणि मग ते मडके जमिनीवर उपडे घालून त्याभोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या व काटक्या रचून आग द्यावयाची, असा हा विधी आहे. यात पाण्याचा थेंब घालीत नाहीत. शेंगांच्या अंगच्या ओलीचीच वाफ होते, ती उपड्या मडक्यात कोंडून राहते, आणि शेताच्या कडेला तण म्हणून वाढणाऱ्या भांबुर्ड्याचा उग्र-सुगंधी वास ती आतल्या जिनसांत मुरविते. अर्ध्या-पाऊण तासाने कोणी जाणता मनुष्य मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतो. ते चर्रकन उडून गेले तर पोपटी झाली, नाहीतर आणखी थोडा पेंढा. उष्णतामापक काटा जे काम करतो ते हे थेंब करीत आले आहेत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे फारसे वाईट करीत नाहीत.

या सर्व खटाटोपात विकत घेतलेली अशी वस्तू एक मडके तेवढी, आणि तीही कुंभाराकडील जुनी, पाणी भरण्याच्या कामातून बाद झालेली असली तरी चालते. शेंग खाचरातली, पाला बांधावरचा, पेंढा मळणीतून उरलेला, जागा कापणी होऊन रिकामी पडलेली. म्हणजे पोपटी हा पदार्थ जितका आहे तितकाच तो भातशेतीच्या वर्षचक्रातील एक टप्पा आहे, आणि शेतीवाचून तो उभा राहू शकत नाही. घाटावर ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा जमिनीत खणलेल्या आगटीत गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात, खानदेशात भरिताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, तेथेही हाच न्याय दिसतो. दक्षिण गुजरातेत वलसाड-नवसारीच्या वाटेवर मिळणारे उंबाडियुं हे पोपटीचे सख्खे भावंड आहे, फक्त त्यात मांस नसून कंदमुळे असतात. वसई-पालघरची उकडहंडीही याच कुळातली.

भिवंडीच्या कसब्यात मात्र विस्तवाची रीत निराळी होती. तेथे कोकणी मुसलमानांची वस्ती फार जुनी. त्यात १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील मोमीन विणकर येऊन मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून हातमागांची जागा यंत्रमागांनी घेऊ लागली तसा कामगारांचा ओघ वाढतच गेला. रात्रपाळी करणाऱ्या माणसास रात्री खावयास लागते. ही साधी गरज कबाबाच्या शेगडीस पोसते. ही शेगडी म्हणजे लांबट, उथळ, लोखंडी पन्हळ. तिच्यावर सळया आडव्या टाकण्यापुरतीच रुंदी, खाली निखारे, आणि शेजारी विंझणा हलविणारा पोरगा. मुंबईत कुलाब्यास ताजमहाल हॉटेलाच्या मागील गल्लीत १९४६ साली सुरू झालेल्या बडेमियाँच्या गाड्याने ही विद्या साहेबलोकांपर्यंत पोहोचविली, पण तिचे तत्त्व कसब्यातल्या कोणत्याही शेगडीस ठाऊक होते: मांसाचा तुकडा लहान असेल तर आग उघडी आणि प्रखर हवी, म्हणजे बाहेरून खरपूस होईपर्यंत आतील रस आटत नाही; तुकडा मोठा असेल तर आग मंद आणि कोंडलेली हवी, म्हणजे पोपटीचे मडके हवे. उत्तर अमेरिकेतील लोक ज्यास ग्रिल आणि स्मोकर असे दोन भेद मानून त्यांवर वादविवाद करतात, ते दोन्ही राहनाळच्या एका बाजूस खाचरात आणि दुसऱ्या बाजूस कसब्यात, अवघ्या दोन-तीन मैलांच्या अंतरात, शांतपणे नांदत होते.

परंतु खाचरातला पेंढा हे फुकटचे जळण होते, आणि कसब्यातला कोळसा हा मालाचा व्यापार होता. इतिहासाचा खरा गुंता या दुसऱ्यात आहे. भिवंडीच्या पूर्वेस आणि उत्तरेस शहापूर, वाडे, मोखाड्यापर्यंत पसरलेले जे रान, त्यात साग, ऐन, खैर, धावडा ही झाडे विपुल होती. १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर शिवाजीमहाराजांनी या खाडीत जहाजे बांधविण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून लाकूड हा राज्याच्या दप्तरात नोंदण्याचा विषय झाला. आरमारास लागणारी झाडे परवानगीने तोडावी, आंबा-फणसांसारखी रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे बळजबरीने तोडू नयेत, ही जी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आढळते, तीत दूरदृष्टी आहे हे खरे. पण जळाऊ काटकी, पाला, गवत यांवर रयतेची जी वहिवाट होती तिला हात लावण्याचा विचार तीत नाही, हे अधिक महत्त्वाचे.

तो विचार इंग्रजी अमलात आला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी सुरू झाली आणि पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली. रुळांखालच्या लाकडांना, शहराच्या बांधकामांना आणि वाढत्या मुंबईच्या चुलींना रान पुरेना. १८६५ चा पहिला आणि १८७८ चा दुसरा वनकायदा यांनी जंगलाच्या हद्दी आखल्या, खुणेचे दगड रोवले, आणि कालपर्यंत जी वहिवाट होती ती आज सवलत ठरली, म्हणजे केव्हाही काढून घेता येईल अशी गोष्ट झाली. ठाणे जिल्ह्यात यावरून जो असंतोष माजला त्याचे केंद्र, मोठ्या गमतीची गोष्ट अशी, की अन्न भाजण्याचा विस्तव नसून जमीन भाजण्याचा विस्तव होते. भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर पसरून ते जाळावयाचे, यास राब म्हणतात. राबाशिवाय रोप जोमाने उठत नाही असा शेतकऱ्याचा अनुभव, आणि राबासाठी झाडांच्या फांद्या छाटल्याने रान उजाड होते असा जंगलखात्याचा आक्षेप. हा तंटा इतका चिघळला, की १८८५ साली मुंबई सरकारास एक कमिशन नेमावे लागले आणि १८८७ साली त्याचा अनेक भागांचा अहवाल प्रसिद्ध झाला. राब एका हुकमाने बंद करता येणार नाही, एवढे तरी सरकारास त्यातून उमजले; पण डहाळी तोडण्यास कोणत्या रानात मुभा आणि कोणत्या रानात मनाई, हे ठरविण्याचा अधिकार मात्र गावाच्या हातून कायमचा गेला.

या घडामोडीत सर्वाधिक नागवला गेला तो कातकरी. खैराचा गाभा उकळून काथ काढणे हा त्याचा परंपरागत धंदा, ज्यावरून त्याला ते नाव पडले. खैर सरकारजमा झाल्यावर तो धंदा बुडाला, आणि तोच मनुष्य कोळसाभट्टीवर मक्तेदाराचा मजूर झाला. कोळसा पाडणे हे काम दिसते तितके सोपे नाही. लाकडाचे ओंडके विशिष्ट रीतीने रचून, त्यांवर पाला आणि त्यावर मातीचा थर देऊन भट्टी लिंपावयाची, आत विस्तव सोडून हवेच्या वाटा मोजक्याच ठेवावयाच्या, आणि मग कित्येक दिवस रात्रंदिवस पहारा करावयाचा. कारण माती एखाद्या ठिकाणी खचून हवा आत शिरली, तर साऱ्या कोळशाची राख होते. चार-पाच मण लाकूड जाळावे तेव्हा मणभर कोळसा हाती लागतो. पावसाळ्यात उपासमार होऊ नये म्हणून मक्तेदाराकडून आगाऊ पैसे उचलावयाचे, पाऊस सरल्यावर बायकापोरांसह रानात अथवा परमुलखात भट्टीवर जावयाचे, आणि उन्हाळा संपताना हिशेब पाहावा तर उचल फिटलेली नाही, म्हणून पुढल्या साली पुन्हा त्याच मक्तेदाराकडे, अशा चक्रात या जमातीच्या पिढ्या गेल्या. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. उचल घेण्याची रीत मात्र त्याने संपली नाही. चमचमीत कबाबाच्या इतिहासात या भट्टीचे पान कोणी लिहीत नाही, आणि मला तर ते पहिले पान वाटते.

हा कोळसा गोणी भरून कल्याण, ठाणे, मुंबईच्या वखारींत येई व तेथून चाळींतल्या खोलीखोलीत जाई. गळकी बादली घ्यावी, तळाशी हवेसाठी भोक पाडावे, मध्यावर गज बसवावेत आणि आतून मातीचा जाड लेप द्यावा, की झाली शेगडी. गिरणगावाचा संसार अशाच बादल्यांवर उभा होता. मातीचा लेप उष्णता धरून ठेवतो आणि खालचे भोक लहानमोठे करून आच कमी-जास्त करता येते, एवढे दोन गुण ज्या उपकरणात आहेत ते चांगले उपकरण, ही गोष्ट त्या बादलीने शिकविली असती, पण गरिबाच्या वस्तूकडून कोणी शिकत नाही. १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅस आणला, त्याआधीपासून रॉकेलचे स्टोव्ह होतेच, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत कोळसा मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरातून हद्दपार झाला. ज्या धुरापासून गृहिणीची सुटका झाली, तो धूर तिच्या नातवाने पैसे मोजून अंगणात परत आणावा, यात हसण्यासारखे काही असले तरी निंदण्यासारखे नाही; रोजची सक्ती आणि महिन्यातून एखादे दिवशीची हौस यांत अंतर आहेच.

जळणाची गोष्ट येथे संपते आणि जागेची सुरू होते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल आणावयाचा तर नाक्यावर जकात भरावी लागे. तेव्हा माल हद्दीबाहेर ठेवावा आणि गिऱ्हाईक पटल्यावर लागेल तेवढाच आत न्यावा, हे व्यापाऱ्यास किफायतशीर होते. खाडीपलीकडची ही गावे महामार्गास लागून, मुंबईस जवळ, १९८९ पासून न्हावाशेवाच्या बंदरासही सोयीची, आणि शहरांच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतींच्या कारभारात. म्हणून काल्हेर-राहनाळच्या खाचरांवर भर पडू लागली आणि भाताऐवजी गाळे उगवू लागले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व त्याबरोबर मुंबईची जकात गेली, तेव्हा गोदामांचे दिवस भरले असे काहींना वाटले, घडले उलटेच. पूर्वी कराच्या सोयीसाठी प्रत्येक प्रांतात निराळे कोठार ठेवावे लागे, त्याऐवजी आता एकाच मोठ्या कोठारातून चारी दिशांना माल पाठविणे परवडू लागले, आणि गोदामे अधिकच विशाल झाली. याबद्दल गळा काढण्याचे मला कारण दिसत नाही. ज्याच्या बापाने गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी केली, त्यास गाळ्याचे भाडे अधिक गोड लागले तर त्यात नवल ते काय? मात्र खाचर गेले की त्याच्या ओलीवरचा वाल गेला, मळणी गेली, पेंढा गेला, बांधावरचा भांबुर्डा गेला. मडके मिळते, पण त्याभोवतीचे सारे विकत आणावे लागते. रायगडात शेतघरांचे मालक हल्ली पाहुण्यांसाठी डोईमागे दर ठरवून पोपटीचे बेत करतात, त्याचे कारण हेच: वर्षचक्रातून निखळलेल्या विधीला किंमत लावणे भाग पडते.

जळण आणि जागा दोन्ही बाजारात आल्यावर उरते ते भांडे, आणि त्याचाही इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स या धातूच्या कारखान्यात समुद्रावर तरंगणारी बोयी बनत असत. तेथील जॉर्ज स्टीफन नामक इसमाने १९५२ साली त्या गोलाचे दोन अर्ध करून खालच्यास पाय व वरच्यास मूठ लावली, आणि झाकणाचे गोल ग्रिल जन्मास आले. जपानी मातीची भट्टी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हौसेने मायदेशी नेली, तिच्यापासून अंड्याच्या आकाराचे जाड भिंतींचे ग्रिल निघाले, जे पोपटीच्या मडक्याचे दूरचे आप्त म्हणावयास हरकत नाही. लाकडी भुशाच्या गोळ्या विजेच्या यंत्राने थोड्याथोड्या जाळणारा स्मोकर हे तर ऑरेगॉन संस्थानातील १९८० नंतरच्या दशकाचे अपत्य.

यांपैकी राहनाळच्या हवेत काय टिकेल, याचा निवाडा अमेरिकेतील जाणकार करू शकत नाहीत. येथे चार महिने पाऊस, आठ महिने खाडीचा खारा दमटपणा. साधे पोलादी पत्रे दोन पावसाळ्यांत चाळणी होतात. भुशाच्या गोळ्या ओल शोषून फुगतात आणि यंत्राच्या घशात अडकतात, तेव्हा ते महाग खेळणे येथे न घेतलेले बरे. जाड मातीचे अथवा चिनी मुलाम्याचे, वर आणि खाली हवेच्या झडपा असलेले, घट्ट झाकणाचे साधे गोल ग्रिल हे या मुलखास सर्वांत मानवते. उघड्यावर ते कबाबाची शेगडी होते आणि झाकल्यावर पोपटीचे मडके. वेल्डिंगवाल्याकडून पिंप उभे कापून करविलेली भट्टीही वाईट नाही, परंतु त्या पिंपात पूर्वी काय भरलेले होते याची चौकशी केल्याशिवाय आणि रिकामे ते एकदा कडक जाळून काढल्याशिवाय तीवर अन्न ठेवू नये. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली तर मुळीच घेऊ नये, कारण प्रखर आचेत त्या मुलाम्याचा विषारी धूर होतो. धुरासाठी आंबा, चिंच, बाभूळ यांचे वाळलेले लाकूड चालते. कण्हेरीची काडी मात्र जाळण्यास वा सळई म्हणून टोचण्यास चुकूनही वापरू नये.

आणि कोळसा? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनउपजांची जी व्याख्या आहे, तीत कोळसा आणि काथ हे दोन्ही पदार्थ, रानातून आणलेले असोत वा नसोत, वनउपज म्हणून गणले आहेत. म्हणजे कातकऱ्याचा जुना धंदा आणि नवा धंदा कायद्याच्या एकाच कलमात शेजारी बसले आहेत. ग्रिलच्या खोक्यावर कारखान्याचे नाव, देश, वजन, किंमत हे सारे छापलेले असते; कोळशाच्या गोणीवर झाडाची जात सहसा नसते आणि भट्टीच्या गावाचा तर पत्ताच नसतो. आठवडेच्या आठवडे झाकणाच्या जाडीचा खल करणाऱ्या गृहस्थाने गोणीवाल्यासही चार प्रश्न विचारावेत, माल कोठला, कोणत्या लाकडाचा, जंगलखात्याचा वाहतुकीचा पास आहे की नाही. आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास सरळ नारळाच्या करवंटीचा कोळसा घ्यावा. तो पेटावयास थोडा वेळ लावतो, पण एकदा धरला की कडक आणि दीर्घकाळ जळतो, आणि कोकणात करवंट्यांचा तुटवडा अद्याप तरी कोणी ऐकलेला नाही.